वाक्यातला कर्ता

४ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझी दुरुस्ती मिळाली. 'मुदत संपल्यावर उपग्रह वातावरणात जळेल' हे माझं वाक्य खोडून तू 'आम्ही उपग्रह जाळू' केलंस. लहानपणी माझे निबंध असेच लाल करायचीस! उपग्रह परवाना खात्यात वीस वर्षं काढलेल्या बाईशी कोण वाद घालणार? अर्ज तसाच दिला.

उपग्रह बुटांच्या खोक्याएवढा, पण आम्ही नऊ जण चार वर्षं त्याच्यामागे आहोत. १५ एप्रिलच्या रॉकेटात जागा मिळाली आहे. तोवर परवाना हवा.

रागावण्यासकट सगळा लोभ हवा.

तुझा,
धाकटा

२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अनेक आशीर्वाद.

तुझ्या अर्जावर 'खोटं विधान' असा शेरा पडल्याचं तुझ्या पत्रात वाचलं. जाळणार कशानं, इंजिन कुठे आहे, असं तपासनीस विचारतात. इंजिन नाहीच. तो आपोआप खाली येऊन जळणार, हे तू बरोबर लिहिलं होतंस. जबाबदारी दिसावी म्हणून मी त्यात कर्ता घातला. नात्यामुळे तुझी फाइल माझ्या टेबलावर येत नाही, तर घरी बसून शहाणपणा केला!

काल साहेबांना सांगून आले की चूक भावाची नाही, वाक्य माझं आहे. 'हे तुम्ही सांगायला नको होतं,' एवढंच ते म्हणाले. तरी मार्ग निघेल. जेवत जा वेळेवर.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.

तुझी,
ताई

१६ एप्रिल

ती. ताईस, सा. न.

रॉकेट काल आमच्याविना गेलं. खात्यातल्या माणसानं अर्ज लिहून दिला, म्हणून अर्जच बाद झाला. तू गप्प राहिली असतीस तर वाक्य सुधारून काम झालं असतं, असं वकील म्हणतात. तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. मग तू साहेबांसमोर कशी उभी राहिली असशील ते डोळ्यांपुढे आलं आणि रडू फुटलं.

सहा जण सोडून गेले. खातं नवा अर्ज घेईल, पण एका अटीवर: तू नोकरीत असेपर्यंत आपण भेटायचं नाही, बोलायचं नाही, लिहायचं नाही. तुझी अजून अकरा वर्षं आहेत. राजीनाम्याचं मनातही आणू नकोस, भाऊजींची औषधं त्याच नोकरीवर चालतात.

उरलेले दोघं माझ्या तोंडाकडे बघत होते. मी सही केली.

अट उद्यापासून लागू आहे. हे पत्र तुला परवा मिळेल. उत्तर देऊ नकोस.

लोभ असू दे.

तुझा,
धाकटा