मोहखेड्याची द्राक्षं

१० फेब्रु., मंगळ.
वाइनरीत नवी लेबलं आली. शेठना नाव फार आवडलंय: मोहखेडे. नियम सोपा. गावाचं नाव टाकायचं तर द्राक्षं त्याच शिवारातली हवीत, आणि मी मळा डोळ्यांनी बघून सही करायची. पण मोहखेडं धरणात गेलेलं गाव. शेठ म्हणाले, काठावर थोडी जमीन उरली असेल की. असेल. शनिवारपर्यंत सही हवी.

११ फेब्रु.
मोहखेड्याचा माल एकटे नाना आणतात. सत्तरीचे, पिंपळनेरजवळच्या पुनर्वसन वस्तीत राहतात. आज क्रेट ओले. धुतलेत का विचारलं तर नाही म्हणाले. देठांशी गाळ. द्राक्षं मात्र अशी गोड की दोन खाल्ली, नंतर उगाच हात धुतले.

१२ फेब्रु.
नानांबरोबर काठावर. भर दुपार, वारा नाही. मांडवाचे दगडी खांब ओळीने उतरत पाण्यात गेलेले. वरचे वेल वाळून काड्या, घड सोडा, पानही नाही. माल कुठला, म्हटलं. त्यांनी पाण्याकडे बोट केलं. "हाऊ मना मळा शे. बठ्ठं गाव आठेच शे, ताई."
सगळं गाव इथेच, म्हणे. चिडले. म्हातारा मला येड्यात काढतोय असं वाटलं. पाण्यातली तार मात्र हलत होती, घड तोडताना हलते तशी. मासा असेल.
परतताना एवढंच म्हणाले, "गावनं नाव आते कोठेच नई. बाटलीवर तरी ऱ्हाऊ दे." गलबलून आलं. खोटी सही केली तर माझी नोकरी जाईल, हे सांगवलं नाही.

१३ फेब्रु., शुक्र.
नानांच्या मुलीचा धुळ्याहून फोन. काल संध्याकाळीच त्यांना तिकडे दवाखान्यात नेलंय, बोलत नाहीत. म्हणजे आज माल नाही. सुटले असं वाटलं, मग लाज वाटली.
अकराला गेटवर गेले. सात क्रेट. ओले. वॉचमन म्हणतो, गाडी आलीच नाही. शेठ म्हणाले, माल आला ना, मग झालं.

१४ फेब्रु.
फॉर्म समोर. 'माल याच गावात पिकला हे मी स्वतः पाहिलं आहे.' कितीदा वाचलं. दुसरं कुठलं गाव लिहू? जळगावला आईला फोन केला. सुट्टी टाक, घरी ये, म्हणाली. हो म्हटलं.
गावाच्या रकान्यात मोहखेडे लिहिलं. ते खरं असेल याचीच भीती वाटतेय. सहीची जागा अजून कोरी. कागदाला खालून ओल येतेय, टेबल दोनदा पुसलं.