तीस वर्षांसाठी दिलेली अंजूरची जागा

मी, पुतळाबाई केसरीनाथ तरे, वय ७२, राहणार मौजे अंजूर, तालुका भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तरीही माझा मुलगा कुणाल याला शंका असेल, तर त्याने माझ्यासमोर एकोणतीसचा पाढा म्हणून दाखवावा. मला येतो, त्याला येत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. राहतं घर कुणालला. त्यातली मागची खोली मात्र हेमाली भोईर हिच्याकडे तिच्या हयातीपर्यंत राहील. हेमाली चोवीस वर्षं माझ्या शाळेत पहिलीला शिकवते. आता नोकरीत टिकायला टीईटी पास व्हायला हवं, आणि ती दोनदा नापास झाली. वीटभट्टीवरचं पोर पंधरा दिवसांत स्वतःचं नाव कसं लिहायला लागतं, हे त्या परीक्षेत विचारत नाहीत. नोकरी गेली तरी तिचं छप्पर जाऊ नये. घरातल्या कोणीही तिला "कवा जाणार?" असं विचारायचं नाही.

२. माझ्या चार पाटल्या नात, कुणालची मुलगी ऋतिका हिला. माझा राग तिच्यावर नाही, तिच्या बापावर आहे. स्वतः शाळा चालवणाऱ्या आमच्या संस्थेचा विश्वस्त, आणि मुलीला घातली बसवाल्या शाळेत. गावात लोक विचारायचे, तेव्हा मी "तिला गाडीत बसायची हौस" म्हणून वेळ मारून न्यायची.

३. दीर दामू याला काही नाही. शाळेचं कुंपण घालताना त्याने तीन वेळा सरकारी मोजणी आणली. तिन्ही वेळा हद्द आमचीच निघाली, तरी चौथ्या दिवशी खांब उपटलेले होते. का नाही, ते त्याला माहीत आहे.

४. आता खरा विषय. माझ्या नावावरची, रस्त्याकडेची बारा गुंठे जागा, जिच्यावर शाळा उभी आहे.

१९९१ साली ओटीवर सात पोरं घेऊन बसले. मग ह्यांनी भाताची ही बारा गुंठे जमीन बिनशेती करून माझ्या नावावर केली. पुढे शिक्षणहक्काचा कायदा आला. मान्यतेशिवाय शाळा नाही, आणि मान्यतेला मैदान, रॅम्प, कुंपण, संडास. कायद्याला मी नावं ठेवत नाही. मुलींसाठी वेगळा संडास मी त्याच्या भीतीनेच बांधला, एरवी अजून चार वर्षं ढकलली असती. पण शिक्षण खात्याच्या साहेबांनी फाईल परत पाठवली. जागा संस्थेच्या नावावर करा, नाहीतर तीस वर्षांचा भाडेपट्टा नोंदवून आणा. संस्थेत कोण? मी, हे आणि कुणाल. हे म्हणाले, "घरातला घरानच हाय गो, कर सही." आमच्यात शेतं अशीच तोंडी फिरतात, या भावाची त्या भावाकडे, आणि शेवटी घरातच राहतात. मी भाडेपट्ट्यावर सही केली. संस्था म्हणजे घर नव्हे, हे वकिलाने नंतर सांगितलं.

तेव्हापासून त्या जागेची मालकीण मी, भाडेकरूही मीच, आणि दोघींनाही तिला हात लावता येत नाही. पट्टा संपतो २०४४ साली. फी वाढवायची तर पालकांच्या समितीने हो म्हणायला हवं, आणि त्यातल्या गोडाऊनच्या हमालाने हो म्हणावं असं मलाच वाटत नाही. टीईटी झालेले शिक्षक अंजूरला टिकत नाहीत. कुणाल म्हणतो, "आये, चारी बाजूंनी गोडाऊना झाली, आपल्याच जागंत आपुन कोंडलोय." खरं बोलतो. मलाही कोंडल्यासारखंच होतं. सकाळी गेटचं कुलूप काढताना जीव नको नको होतो, आणि गेटपाशी थांबलेली पोरं "बाई आल्या" म्हणाली की आणखीच होतो.

ही जागा पट्ट्यासकट कुणालला देते.

५. शाळा बंद करण्याची कुणालला माझ्याकडून मुभा आहे. पण सरकारची परवानगी लागते. तीन वर्षांपूर्वी त्याला न सांगता मी तसा अर्ज भरला होता. सोबत यादी मागतात, डावीकडे मुलाचं नाव, उजवीकडे ते यापुढे कोणत्या शाळेत बसणार तिचं. मी आणि हेमाली उन्हातून शाळा शाळा फिरलो. बहुतेकांची सोय लागली. भट्टीवरची, जन्मदाखला नसलेली, वय वाढलेली राहिली. कागद नाही म्हणून मुलाला परत पाठवू नये, असं कायदाच सांगतो. तोंडावर कोणी पाठवलंही नाही. "जागा भरल्या, ताई." "जूनला या." "आधार काढून आणा." एका बापाने मला विचारलं, "मॅडम, आपके यहाँ क्या तकलीफ है?" 

अर्ज मी दिला नाही. दर वर्षी यादी नवी करते. नावं बदलतात, उजवीकडच्या काही ओळी कोऱ्या राहतात. यंदा एकोणीस आहेत. यादी सोबत जोडली आहे.

कुणाल, त्या एकोणीस ओळी भर आणि शाळा खुशाल बंद कर. फक्त घरात बसून भरू नकोस. एकेका मुलाचा हात धरून जा, त्याला त्या शाळेच्या बाकावर बसवून ये, मग नाव लिही. मला त्यांतल्या एकालाही बसवता आलं नाही.

वरील मजकूर मी वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: पुतळाबाई केसरीनाथ तरे

साक्षीदार:
१. अनंता लडकू केणे, राहणार अंजूर
२. मेघाली धनेश मढवी, राहणार कामतघर

ठिकाण: अंजूर
दिनांक: १२ जानेवारी २०२६