अहिंसेने डॉक्टरकी

निपाणी, ४ मे १९३६. सकाळी, णमोकार झाल्यावर.
आजपासून तयारी. जूनमध्ये पुण्याचे मेडिकल स्कूल सुरू होते. माझी मॅट्रिक तिथे चालते. शिवाय दोन कागद हवेत: महिनाभर दवाखान्यात काम केल्याचे डॉक्टरांचे पत्र आणि देवी टोचल्याचा दाखला. ह्यांनी शब्द दिला आहे. १२ जूनपर्यंत दोन्ही कागद आले तर पुणे. नाही आले तर डॉक्टर हा शब्द घरात पुन्हा काढायचा नाही आणि मुकाट्याने तंबाखूच्या वखारीची वही लिहायची.
निश्चय: डॉक्टर व्हायचे, पण जीव दुखवायचा नाही. आपल्या जैन धर्मात हिंसा चार प्रकारची. घरकामात होते ती आरंभी, धंद्यात होते ती उद्योगी, स्वतःला वाचवताना होते ती विरोधी. संसारी माणसाला या तीन सुटत नाहीत, म्हणून माफ. चौथी संकल्पी, मनात आणून केलेली. ती कदापि नाही. मागच्या पानावर चार रकाने आखले. चौथा शेवटपर्यंत कोरा राहील.

६ मे.
रायगोंडा डॉक्टरांच्या दवाखान्यात पहिला दिवस. मष्णू गाडीवानाचा खांदा निखळलेला. मला फक्त पाय धरायला सांगितले. खांदा बसवताना मष्णूने लाथ झाडली, ती माझ्या हनुवटीवर. तोंडात रक्त. मी डगमगले नाही. टेबलावरचा रूळ घेऊन त्याच्या नडगीवर तीन हाणले. डॉक्टर म्हणाले, खांदा बसला, आता पायाचे बघू.
विरोधी. रकाना तीन.

११ मे.
डॉक्टर व्हिजिटला गेलेले. वखारीत पाला झाडणारी नागुबाई पाठीवर गळू घेऊन आली. पेशंटला ताटकळत ठेवणे हेही पापच. दोन्ही अंगठ्यांनी दाबले. तिने माझा अंबाडा धरून उंबऱ्यापर्यंत फरपटत नेले आणि एनॅमलच्या बेसिनने पाठीत घातले. मी अंगठे सोडले नाहीत. शेवटी गळू फुटले. भिंत, पडदा, डॉक्टरांच्या पदवीची फ्रेम, सगळे धुवावे लागले. बाहेरच्या बाकावर नागुबाई सांगत होती, "हिला आवरा रं कुनीतरी, न्हायतर मी हितंच गाडते."
उद्योगी.
डॉक्टरांनी उद्यापासून नुसत्या पट्ट्या गुंडाळायला सांगितले आहे. माझी प्रगती त्यांना जरा जलद वाटत असावी.

१७ मे.
सासूबाईंची दाढ चार दिवस ठणकत होती. नको नको म्हणत होत्या. पेशंट तसे म्हणतातच. सांडशी उकळून घेतली (पाणी आधी गाळले). गुडघा त्यांच्या छातीवर ठेवला आणि एका हिसक्यात काढली. दाढ निरोगी निघाली. म्हणजे निदान चुकले, हात नाही. त्यांनी लाटणे घेतले. माझ्या मनगटावर दोन, कपाळावर एक. टेंगूळ आहे.
घरातले, म्हणून आरंभी.
दिवस मावळायच्या आत जेवताना ह्यांनी विचारले, की पुण्यात आपल्या ओळखीचे कोणी राहत नाही ना. किती काळजी माझी!

२४ मे.
डॉक्टर म्हणाले, स्कूलमध्ये आधी बेडूक कापायला लावतात. पंचेंद्रिय जीव! छे. दोन दिवस विचार केला आणि आज मार्ग सापडला. कणकेचा बेडूक. घट्ट मळला. शेवयांची आतडी, पावट्याचे काळीज, मिऱ्यांचे डोळे, कोकमाचे रक्त. पाटावर उताणा ठेवून पुस्तकाबरहुकूम हनुवटीपासून खालपर्यंत फाडला. मुंगीलाही धक्का नाही. एवढी अहिंसक डॉक्टरकी जगात कोणी केली नसेल.

२५ मे.
सासूबाईंनी पाट पाहिला आणि तशाच देवळात, बस्तीत गेल्या. तिथले पुजारी उपाध्ये आले. बेडूक निरखून विचारले, फाडताना मनात काय होते? मी खरे सांगितले. तो जिवंत आहे, काळीज धडधडते आहे, असेच मनात धरले होते. त्याशिवाय सराव कसला? उपाध्ये मटकन खाली बसले. पुराणातल्या राजाने कणकेचाच कोंबडा कापला होता, त्याचे पाप जन्मोजन्मी भोगले. म्हणाले, "बाकीची मारामारी संसाराची. हा बेडूक मात्र तुम्ही मारलात."
संकल्पी. तीन उपास.
सासूबाई गालाला फडके बांधून बसल्या होत्या. म्हणाल्या, "माझी चांगली दाढ उपटली ती माफ, आन् पिठाचा बेडूक मेला म्हून उपास. ब्येस न्याय हाय गं तारे."

८ जून.
महिना भरला. डॉक्टरांनी पत्र लिहून तयार ठेवले आहे. "निर्भय" असा शब्द घातला आहे. पत्र देण्याची त्यांनाच माझ्यापेक्षा घाई. राहिली देवी. गुरुवारी ते स्वतः टोचणार. किरकोळ.

११ जून, गुरुवार.
लहानपणी टोचणारा आला की आई मला कणगीत लपवायची, त्यामुळे मला याची सवय नाही. डॉक्टरांनी दंड पुसला, सुई उचलली. पुढचे मला लोकांकडून कळले. दंड धरायला सोबत आलेल्या सासूबाई बाटल्यांच्या कपाटावर गेल्या. कपाट कंपौंडरवर पडले. माझा गुडघा डॉक्टरांच्या नाकावर बसला. आवाज मात्र मीही ऐकला, भुईमुगाची शेंग फोडावी तसा. पत्रावर रक्त सांडले. डॉक्टरांनी ते शांतपणे फाडले, चार तुकडे केले.
"तारामतीबाई, दुसऱ्याचं दुखणं तुम्हाला फार सोसतं. तेवढ्यावर डॉक्टर होता येत नाही."
नाक धरून बोलत होते, त्यामुळे नीट कळले नाही.

१२ जून.
चौकशी केली. देवीची लस आपल्या बेळगावातच वासराच्या पोटावर तयार करतात म्हणे! म्हणजे मी भ्याले नव्हते. माझ्या आत्म्याने वासराला आधीच ओळखले होते. विरोधी.
ह्यांना हे समजावून सांगितले. ह्यांनी वखारीची वही आणि दौत माझ्यापुढे ठेवली.

१३ जून.
पुण्याला जायचे म्हणून सकाळच्या कोल्हापूरच्या मोटारीत ह्यांनी माझ्यासाठी आधीच ड्रायव्हरशेजारची जागा घेऊन ठेवली होती. त्या जागेवर रायगोंडा डॉक्टर बसून गेले, नाकाचे हाड बसवून घ्यायला.
तिकीट वाया गेले नाही.