नूरीनच्या दातावर लेझर

कोपरखैरणे,
फेब्रुवारी १९९७

तीर्थरूप मानसिंगमामांस,

डॉक्टर भाचीचा वाकून नमस्कार. मामींचे गुडघे काय म्हणतात? तुमच्या गडहिंग्लजच्या दवाखान्यात पेशंट अजून खुर्चीत बसायच्या आधी चहा मागतात का? इकडे सगळे मजेत. मुख्य बातमी म्हणजे आमच्याकडे लेझर आला! दातात भरायचं रेझिन त्याच्या निळ्या उजेडात चुटकीसरशी घट्ट होतं. त्याच कामाचा जुना दिवा मी मशीनवाल्यालाच देऊन टाकला. (आता तो हवाय कुणाला!)

पहिला मान नूरीनचा. ही आमच्या शेजारच्या ताजुद्दीनभाईंची मुलगी. मोरा जेट्टीवर लाँचमधून उतरताना घसरली आणि समोरच्या दाताचा कोपरा गमावून बसली. पुढच्या महिन्यात तिचा निकाह. मी छातीठोकपणे सांगितलं, निकाहात खुशाल तोंड भरून हस. पण सासूबाईंना मशीनची पूजा झाल्याशिवाय बटण दाबलेलं चालेना. हार आला, नारळ आला, शिवाय यांनी हौसेने व्हिडिओवाला गंगाराम आणला. नुसत्या यंत्राला काय कुंकू लावतेस, औषधालाही लाव की, असं सासूबाई म्हणाल्या, म्हणून मी रेझिन काचेवर काढून फुलांशेजारी ठेवलं. (नाही म्हणायची माझी काय बिशाद!) गंगारामने त्यावर आपला भलामोठा हॅलोजन रोखून आख्खी आरती शूट केली. आरती संपली, बघते तर रेझिन काचेला चिकटून दगड! उजेड लेझरचा की गंगारामचा, हे त्या बिचाऱ्या रेझिनला काय कळणार?

मी पुन्हा ताजं रेझिन काढलं, नूरीनच्या दातावर बसवलं, डोळे दिपू नयेत म्हणून सगळ्यांना नारिंगी चष्मे चढवले आणि बटण दाबलं. फट्! आख्ख्या सोसायटीची वीज गेली. तळमजल्यावरची पिठाची गिरणी थांबली, आणि त्यात नेमकं सेक्रेटरींचं दळण. अर्धं पीठ आणि अर्धे गहू घेऊन ते वर आले, आणि जे काही बोलले त्यावर भुलीचं इंजेक्शनही चाललं नसतं. वेगळा मीटर बसेपर्यंत लेझरवर बंदी आहे. नूरीनच्या दातावरचं मऊ रेझिन मी पुसून काढलं. बाकी समारंभ छानच झाला. पेढे सगळ्यांना पुरले.

मामींना नमस्कार, तुमचा लोभ आहेच.

तुमची,
स्मिता

ता.क. दोन मलमं कालवली की उजेडाशिवाय घट्ट होतं ते तुमचं जुनं सामान अजून आहे ना? मी इथे कालवून पाहिलं, पण माझ्या हाताला सवय नाही, ते कालवता कालवताच घट्ट झालं. तुम्हीच या. पोरगी ओढणी तोंडाशी धरून हसते, मला ते बघवत नाही.

ता.क. २. दात लेझरने नाही, तुमच्या मलमांनी बसणार, हे नूरीनला मी खरं सांगितलंय. ती म्हणाली, "डॉक्टर, दात कशाने पण बसवा, मला चालेल. फक्त अब्बूंना बोलू नका. त्यांनी मुलाकडच्या सगळ्यांना लेझर बघायला बोलावलंय." तेव्हा मामा, येताना डॉक्टरचा पांढरा कोट घालून या, लेझरचे तज्ज्ञ तुम्हीच.