डाव्या काचेकडचे मासे

४ जून

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

बाबा गेल्यापासून आई खोलीतच आहे. जेवण आत, झोप आत. मी दवाखान्यातल्या कामावरून आले की दाराबाहेरून विचारते, बरी आहेस ना, आणि आतून हुंकार येतो. तू म्हणतोस ती सावरेल. मला तर वाटतं, असंच चाललं तर मीही तिच्या शेजारी जाऊन आडवी होईन.

आमच्या दातांच्या दवाखान्यात मोठी माशांची टाकी आहे. दाढ काढायला आलेली माणसं तिच्याकडे बघत आपलं दुखणं विसरतात. म्हटलं, आईसाठी एक आणावी. पण प्लास्टिकची झाडं नकोत, खरी हवीत. आमच्या इथला दुकानदार दिव्यांचे डबेच डबे मांडतो आणि मी नुसती मान डोलावते. मामाचं माशांचं दुकान असताना मी अशी अडाणी राहावी का? दिवा कुठला, फिल्टर कुठला, सगळं लिही.

मामीला नमस्कार. भाचीची आठवण असू दे.
तुझी,
भाची

९ जून

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

आठवण झाली म्हणायची मामाची! आता नीट ऐक. काचेचं गोल भांडं अजिबात घेऊ नकोस, दोन फुटी टाकी घे. पाणी जितकं कमी तितकं लवकर बिघडतं. दिवा झाडांसाठी मिळतो तो साधा पांढरा एलईडी घे. जांभळा-निळा घेतलास तर घराची सर्कस होईल. त्याला टायमर लाव आणि सहा-सात तासांच्या वर चालू ठेवू नकोस, नाहीतर काचेवर शेवाळ माजेल. खिडकीजवळ टाकी नको, तेही त्याचसाठी.

फिल्टर स्पंजचा, हवेच्या छोट्या पंपावर चालणारा. स्वस्त असतो आणि गरीब स्वभावाचा असतो. पाणी गार पडत असेल तर हीटर. झाडांत जावा फर्न आणि अनुबियास घे, दोन्ही तुझ्यासारखी चिवट आहेत. मात्र त्यांची मुळं वाळूत पुरू नकोस, कुजतात. दगडाला दोऱ्यानं बांध. आणि मासे लगेच सोडायचे नाहीत! टाकी महिनाभर रिकामी चालू दे.

तुझ्या आईला, माझ्या धाकटीला सांग, दादा रागावलाय. आणि तू वेळेवर जेवत जा.
माया आहेच, ती तुझ्याकडूनही असावी.
मामा

१७ जुलै

ती. स्व. मामास,
सा. न. वि. वि.

मामा, आई बाहेर आली! मी फर्न दगडाला बांधत होते आणि गाठ सुटत होती. ती मागून आली, म्हणाली शिवणकाम कधी शिकली असतीस तर, आणि माझ्या हातातून दोरा घेतला. मी न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं. आता छोटे मासे सोडलेत. रोज तीच समोर उभी राहून खाणं टाकते.

एक विचारायचं होतं. हॉलमध्ये प्लग एकच, बाबांच्या खुर्चीपाशी, म्हणून टाकी तिथंच ठेवलीय. मासे सारखे डाव्या काचेला, खुर्चीच्या बाजूला जमतात. तोंडं वर करून, खाणं येणार असल्यासारखे. खुर्चीत तर कुणी बसत नाही. आईला म्हटलं तर ती हसली आणि म्हणाली, त्यांना कळतं. दिव्यात काही दोष आहे का? माझ्या अंगावर जरा काटा आला, खोटं कशाला सांगू.

बाकी बरं. जेवण जात नाही आणि उजवा खांदा सारखा गार पडतो. डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा आहे. रागावू नकोस, पत्र लिही.
तुझी,
भाची

२४ जुलै

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

मासा हा जगातला सगळ्यात हावरट प्राणी. खाणं देणाऱ्याला तो लांबून ओळखतो आणि तो दिसला की काचेला जाऊन चिकटतो. पण खुर्चीत कुणी बसत नाही म्हणतेस, तेव्हा ते कारण नसणार. दिवा एका बाजूला सरकला असेल आणि डाव्या काचेत त्यांना आपलंच रूप दिसत असेल. दिवा मधोमध घे, जमलं तर मंद कर. डाव्या काचेला बाहेरून काळा कागद चिकटव आणि फिल्टर उजवीकडे ने. खोड मोडेल.

आणि तो खांदा दुसऱ्या डॉक्टरला दाखव. आठ दिवस इकडे ये, मामी तुला खाऊ घालून गोल करील.
तुझाच,
मामा

६ ऑगस्ट

ती. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

पोरीला न सांगता लिहिते आहे. तू सांगितलंस ते सगळं केलं. दिवा मधोमध घेतला, कागद लावला, फिल्टर हलवला. मासे डाव्या काचेपासून हलले. मला फार वाईट वाटलं, कारण दादा, हे खुर्चीत येऊन बसतात अशी माझी खात्री झाली होती. हसू नकोस. त्यासाठीच मी खोलीबाहेर येत होते.

पण मग दुसरंच दिसलं. पोर दारातून येऊन स्वयंपाकघरात जाते तेव्हा मासे काचेला लागून त्या दिशेनं पोहत जातात. तिच्याबरोबर नाही, तिच्या मागून. ती आत पोचून भांडी घासायला लागलेली असते आणि मासे अजून वाटेवर असतात. मी चालले तर ढिम्म हलत नाहीत.

ती नोकरीला लागली तेव्हा हे तिच्या मागोमाग स्टॉपपर्यंत जायचे, तिला न कळता, अंतर ठेवून. मी ओरडले तरी ऐकायचे नाहीत. ते माझ्यासाठी नाही आले रे. पोर दिवसेंदिवस वाळत चाललीय, भर उन्हात शाल घेते. मी रिकाम्या खुर्चीपुढं हात जोडले, म्हटलं, जीव लावायचा तर माझ्याशी लावा, तिला जगू द्या. काही उपयोग नाही.

तिला तुझ्याकडे पाठवते. दुकानात मदत हवीय असं तूच तिला कळव. इथून लांब गेली की सुटेल. एवढं कर, तुझ्या पाया पडते.
तुझी,
धाकटी

१९ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पोर परवा दुपारी सुखरूप पोचली. तुझं पत्र वाचून मी मनात म्हटलं होतं, धाकटीचं डोकं फिरलं. त्याबद्दल मला माफ कर.

माझ्या दुकानात दारापासून आतल्या खोलीपर्यंत भिंतीला ओळीनं टाक्या आहेत, तू बघितल्या आहेस. ती आली, पिशवी टेकवली आणि मामीनं तिला चहाला आत नेलं. मी गल्ल्यापाशी होतो. गिऱ्हाईक एकही नव्हतं. सगळ्या टाक्यांतले मासे दाराकडे तोंड करून उभे होते. पंप चालू होते, दिवे रोजचेच. मग दाराजवळच्या टाकीतले मासे आत वळले. मग तिच्या पुढच्या टाकीतले. मग तिच्याही पुढच्या. अगदी सावकाश, एकेक टाकी करत. शेवटची टाकी आतल्या खोलीच्या दाराशी आहे.

आतून पोरीचा आवाज आला, मामी, पंखा बंद करता का, खांद्याला गार लागतंय. पंखा बंदच होता.

धाकटे, मला भीती वाटते. माझं ते ऐकणार नाहीत, त्यांनी जन्मात कधी माझं ऐकलं नाही. तू घराला कुलूप लाव आणि पहिल्या गाडीनं ये. तिच्या आणि त्यांच्या मधे तू चाल.

माया आहे तशी राहू दे, पण आधी ये.
तुझा,
दादा