निबंधाचा एकच आकडा

४ ऑक्टो., शनि.
परदेशी शिकायला लागणारी जीआरई परीक्षा झाली. दुसऱ्यांदा. पुण्याहून येताना मंचर येईपर्यंत अहोंशेजारी पेपर मनात परत सोडवत बसले. त्यांनी काही विचारलं नाही. शहाणा माणूस.

इंग्रजी आणि गणिताचे आकडे तिथंच स्क्रीनवर दिसले. छान आहेत. निबंधाचा लगेच दिसत नाही, आठ-दहा दिवस लागतात. आणि माझं घोडं अडलंय निबंधातच. मागच्या खेपेला सहापैकी तीन. परदेशातल्या ज्या विद्यापीठात मृदाशास्त्राचं एम.एस. करायचंय त्यांना किमान साडेतीन हवेत. अर्जाची मुदत डिसेंबरात, आणि परत एवढी फी भरणं परवडणार नाही, म्हणजे तिसऱ्या खेपेचा प्रश्नच नाही.

शेवटचं वाक्य अर्धं राहिलं. 'म्हणून'ला इंग्रजीत जे म्हणतात तेवढं टाइप केलं आणि अर्धा तास संपला. म्हणून काय? देव जाणे.

५ ऑक्टो.
मागची चूक माझी मलाच कळली होती. शाळेत बाईंनी घोटून घेतलेलं. शाप की वरदान? आधी फायदे, मग तोटे, शेवटी 'सारे वापरणाऱ्यावर अवलंबून'. दहावीला त्यावर कौतुक झालं होतं. तेच तिथं ठोकून आले. एवढं लिहिलं आणि माझं मत कुठंच नाही! त्यांना हवं असतं : तुझं म्हणणं काय ते सांग, का ते पटवून दे.

काल सांगितलं. विषय, तज्ज्ञांचं ऐकावं का. डोळे झाकून नको, असं लिहिलं. निमगाव सावाचे एक आजोबा मी काम करते त्या माती तपासणी प्रयोगशाळेत मातीचा रिपोर्ट परत घेऊन आले होते. "ताई, ही बांधाकडली माती हाय, मधली न्हाई. परत तपासा." मधली माती आणून तपासली, आकडे वेगळे आले, आजोबा बरोबर. तेच उदाहरण दिलं. आता वाटतंय, परदेशातल्या माणसाला बांध म्हणजे काय ते कळलं असेल का?

७ ऑक्टो.
सुट्टी. नानांबरोबर (सासरे) कांदे साठवायच्या चाळीत कांदे निवडत बसले. सडका बाजूला, बारक्या कांद्यांची गोल्टी वेगळी. नानांनी मान वर न करता विचारलं,
"तुजा त्यो निबंध तपासतंय कोण?"
एक माणूस आणि एक मशीन, म्हटलं. दोघं आपापले गुण देतात. जवळपास जमले तर सरासरी. नाही जमले तर दुसरा माणूस वाचतो, आणि मग दोन माणसांची सरासरी.
"म्हंजी मशीनचं जमलं न्हाई तर त्याला बाजूला बसवत्यात?"
"हो."
"मंग बरं हाय की."
उगाच बरं वाटलं. कांद्यांचा वास दोन्ही हातांना.

९ ऑक्टो.
प्रयोगशाळा. आमच्या रिपोर्टात सामू (पीएच) वेगळा, नत्र वेगळं, स्फुरद वेगळं. कमी काय ते शेतकऱ्याला कळतं. निबंधाचा मात्र सगळा मिळून एक आकडा, अर्ध्या-अर्ध्या गुणानं वाढणारा. शुद्धलेखनाचा अर्धा गुण कापला, असं काही नाही. सूचना परत वाचल्या. अर्ध्या तासातला पहिला खर्डा आहे हे धरूनच तपासतात, बारीकसारीक चुका चालतात, म्हणणं स्पष्ट हवं. म्हणजे अर्ध्या वाक्यानं जीव जाणार नाही. जेवण गेलं आज. किती दिवसांनी.

१४ ऑक्टो., मंगळ.
चार!!

प्रयोगशाळेतच रडले. नमुन्यांच्या पिशव्यांमागे उभी राहून, नाक पुसत. माणूस आणि मशीन एकमतानं म्हणाले की भांडून, ते कळत नाही. कळायची गरजही नाही.

घरी सासूबाई : "सहातलं चार? मंग दोन कुठं गेलं?"
समजावलं. पटलं नाही. पण साखर हातावर ठेवली. अहो पेढे घेऊन आले आणि निम्मे स्वतःच खाल्ले.

१५ ऑक्टो.
मोबाईलवर चार वेळा तो चार बघितला. अजून तिथंच आहे. इतकं हलकं वाटतंय की भांडी घासतानाही गुणगुणत होते. सासूबाईंनी एकदा वळून बघितलं.

१८ ऑक्टो., शनि.
सकाळी चहाला सगळे. नाना म्हणाले,
"तिकडं किती दिस ऱ्हावं लागतंय?"
"दोन वर्षं."
बशी खाली ठेवली. "आन तुला जायाचंच हाय ना? तू कवा बोललीच न्हाईस. परीक्षा, परीक्षा, येवढंच."

खरंय. मार्क येऊ देत मग बघू, म्हणत वर्ष काढलं. मार्क कमी पडले असते तर कुणालाच काही ठरवावं लागलं नसतं. मला तर नाहीच. मनातल्या मनात हीच सोय करून ठेवली होती की काय मी?

"हो, जायचंय," मी म्हणाले. घरात पहिल्यांदाच, मोठ्यानं. कुणी ओरडलं नाही. नानांनी नुसती मान हलवली. बरं वाटलं, फार बरं.

मग सासूबाईंनी अहोंकडं बोट केलं. "आन ह्याचं काय?"

मी अहोंकडं बघितलं. त्यांनाही मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी रिकामा कप पुढं केला. "आई, अजून घाल थोडा."