स्टेजबाहेरचं स्टूल

सोमवार, ९ मार्च
दुपारचे तीन

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार घालायला माझा गुडघा आता तयार नाही, तेव्हा बसल्या बसल्याच नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला का? हातानं लिहिलेलं पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. मेल पाठवली असती तर ती तू ऑफिसात नकाशांच्या गठ्ठ्याआडून एका डोळ्यानं वाचली असतीस आणि 'ठीक आहे' असं लिहून मोकळी झाली असतीस. ओळखते मी तुला. कित्येक वर्षं आपण वाढदिवसाला फोन करतो, हवापाण्याचं बोलतो आणि ठेवतो. हवापाण्यावर दोन बहिणींनी बोलून बोलून किती बोलायचं गं?

माझं बरं चाललंय. अजून घरूनच काम, अजून एकटीच, अजून वेबसाइटच. सध्या एक दातांचे डॉक्टर माझ्या मानगुटीवर आहेत. त्यांना साइट 'जरा फ्रेश' हवी आहे. चार वेळा फ्रेश करून झाली. नाव मोठं करा म्हणाले, केलं. आता म्हणतात, नावापुढे दात दिसत नाहीत. मी त्यांना लिहिलं, 'आमची टीम बघते आहे.' टीम म्हणजे मी, आणि शेजाऱ्यांचं मांजर खिडकीत येऊन बसतं ते. या धंद्यात एकट्या माणसानं 'मी' म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून 'आम्ही, आम्ही' करत राहायचं. सवयच लागली आहे. परवा तापाचं सांगायला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले तर मी म्हणाले, 'आम्हाला कणकण आहे.' त्यांनी माझ्या मागे डोकावून पाहिलं, आणखी कोण आलंय म्हणून.

असो. पाल्हाळ पुरे. लिहायचं कारण वेगळंच आहे.

मुलांच्या ग्रंथालयाची नवी इमारत झाली आहे. तिथे एक दालन करताहेत, जुन्या संगणकांवर लोकांनी केलेल्या हलत्या चित्रांचं. आपण ज्या सॉफ्टवेअरवर काम करायचो ते कधीच बंद पडलं, त्यातल्या फाइली आता कुठे उघडत नाहीत. पण त्यांच्याकडे एक तंत्रज्ञ आहे, कानावर पेन्सिल अडकवलेला, हळू बोलणारा. असल्या मेलेल्या फाइली तो उठवून बसवतो. त्याला आपलं 'तळं' हवं होतं, माझ्याकडची जुनी फाइल मी त्याला दिली.

ताई, नुसतं 'तळं' लिहिलं आणि मला ती खोलीच दिसायला लागली. घड्याळजीच्या दुकानावरची. खालून सगळ्या घड्याळांची टिकटिक यायची, एकाच्या काट्याचा दुसऱ्याशी मेळ नाही. एक संगणक, दोन स्टुलं. तुझा तो कोपरावर ठिगळ लावलेला हिरवा स्वेटर. दिव्याची ज्योत जराशी हलायची तर तू अठरा कागद काढायचीस, आणि सतरावा आवडला नाही की सगळे पुन्हा. मी ते संगणकात घालायचे आणि बटणं बसवायचे. तळ्याकाठच्या गावात या खिडकीवर टिचकी मारली की दिवा लागेल, त्या खिडकीवर मारली की बाई केस विंचरेल. सगळ्या खिडक्या उजळल्या की पाण्यातली त्यांची प्रतिबिंबं सुटी होऊन माशांसारखी पोहायला लागायची. ते तुझ्या डोक्यातून निघालं होतं. मी विचारलं, 'असं कसं होईल?' तू म्हणालीस, 'संध्याकाळी होतं.'

आणि तो राखाडी भाग! पडद्यावर मधोमध पांढरा चौकोन, त्याला स्टेज म्हणायचे. बघणाऱ्याला तेवढाच दिसायचा. भोवतालच्या राखाडीत आपण सामान ठेवायचो, नाटकवाले विंगेत ठेवतात तसं. यायच्या आधीची होडी, उडायच्या आधीचा बगळा. तू म्हणायचीस, 'भिंगरे, खरं गाव इथेच आहे बघ.' मी म्हणायचे, 'ते कुणाच्या बापाला दिसत नाही, तू आवर.'

तर गेल्या गुरुवारी मी तिथे गेले. दालन अजून रिकामं आहे, नव्या रंगाचा वास येतो. तंत्रज्ञानं पडदे ओढले आणि 'तळं' भिंतीवर टाकलं. भिंत आपल्या चौकोनापेक्षा कितीतरी रुंद. तेव्हाच्या संगणकांच्या पडद्यांवर चौकोन संपला की सगळं संपायचं. इथे चौकोनाच्या कडेबाहेरचंही दिसायला लागलं. डावीकडे होडी थांबलेली. वर बगळा. आणि उजवीकडे स्टुलावर, तळ्यात पाय सोडून, तू.

हिरवा स्वेटर. मांडीवर फळी, फळीवर कागद. हात हलतोय. तू रेघ ओढलीस की इकडे तळ्यावर तरंग उठतो. मग मान वर करतेस, कप उचलतेस, चहा फुंकतेस, ठेवतेस, पुन्हा रेघ. शेजारी दुसरं स्टूल, रिकामं, त्यावर दुसरा कप. त्यातून वाफ निघते. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. मला वाटायला लागलं की गाव अजून पूर्ण झालेलंच नाही, तू काढतेच आहेस, आणि आपण सगळे, मी, मांजर, दातांचे डॉक्टर, तू काढशील तेवढेच पुढे सरकतोय.

तंत्रज्ञानं विचारलं, 'मॅडम, कडेला ही बाई कोण?' मी सांगितलं काहीतरी.

उद्घाटन २९ तारखेला आहे, रविवारी. ये ना. भाऊजींनाही घेऊन ये. भिंतीवर नावाची पाटी लावणार आहेत, त्याचं मी बघते. बाकी भेटीत.

तुझी,
भिंगरी


मंगळवार, १७ मार्च
सकाळ, दातांच्या डॉक्टरांना थांबवून ठेवलंय

प्रिय ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येईल कसं? चार पानं लिहून मी मुद्द्याचं एक अक्षर लिहिलं नव्हतं. 'सांगितलं काहीतरी' असं लिहून मी पुढे सटकले ते तुझ्या लक्षात आलं असणारच. लहानपणी बरणी फुटली की मी मांजराबद्दल बोलायला लागायचे, तसंच.

तर ऐक. तंत्रज्ञानं विचारलं, ही बाई कोण. मी म्हणाले, 'कोणी नाही. चुकून राहिलेली दिसते.'

तो म्हणाला, 'मग दोन्ही बाजू कापतो. चौकोनापुरतंच दाखवू.'

मी म्हणाले, 'हो, कापा.'

झालं. हे लिहायला मला आठ दिवस लागले. माझी ताई माझ्यासमोर बसून चहा फुंकत होती आणि मी तिला कापा म्हणाले. कारण पाटीवर माझं एकटीचं नाव जायचं होतं. एकवीस वर्षं 'तळं' माझं आहे. माझ्या साइटच्या पहिल्या पानावर आहे, फाइली उघडेनाशा झाल्यापासून त्याचं चित्रण. नवं गिऱ्हाईक आलं की मी आधी तेच दाखवते. लोक हळूच म्हणतात, 'हे तुम्ही केलंत?' आणि मी मान हलवते. माझी सगळी रोजीरोटी त्या तळ्यावर पिकली. तू कोण हे सांगितलं असतं तर मी कोण, हा प्रश्न आलाच असता.

पण खरी बरणी त्याच्याही आधी फुटली आहे. प्रकाशकबाई आल्या होत्या तो दिवस. पुस्तकांसोबत द्यायच्या सीडीच्या चकत्या करून हव्या होत्या त्यांना, आपलं पहिलं मोठं काम. त्यांनी 'तळं' पाहिलं, चष्मा काढून डोळे पुसले आणि विचारलं, 'हे कोणी केलं?' तू माझ्या शेजारी होतीस. आपल्या स्टुलांमध्ये वीतभर अंतर नव्हतं. मी म्हणाले, 'मी.'

का म्हणाले? खूप कारणं रचून ठेवली होती. घाबरले होते, घाईत निघालं, पुढे सांगणारच होते. खोटं आहे सगळं. मला ते माझं असायला हवं होतं, बस. तेव्हा पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे असं बघत होतं. आपण दोघी होतो तेव्हा मी 'मी' म्हटलं, आणि पुढे जन्मभर एकटीनं 'आम्ही, आम्ही' करत बसले. हसू नकोस. हस, हरकत नाही.

तू चहा प्यायलीस. जिना उतरताना एवढंच विचारलंस, 'आपली नावं कुठे टाकायची?' मी म्हणाले, 'नंतर बघू.' पुढच्या आठवड्यात तू नकाशाच्या ऑफिसातली नोकरी धरलीस. जायच्या दिवशी म्हणालीस, 'एक छोटी दुरुस्ती राहिली आहे,' आणि कागदांचा गठ्ठा घेऊन दोन तास संगणकापुढे बसलीस. मी तेव्हा प्रकाशकबाईंशी फोनवर होते. मग तू मला बंद केलेली फाइल दिलीस, जी फक्त बघता येते, आत शिरता येत नाही. उघडी फाइल त्या जुन्या संगणकात होती आणि तो वर्षभरात बसला तो बसलाच. त्यामुळे तुझी ती छोटी दुरुस्ती काय होती हे मला आत्ता, भिंतीवर कळलं. नावं नंतर बघू म्हणाले होते ना, तू तुझी जागा स्वतःच करून घेतलीस. आणि स्टेजवर नाही घुसलीस. राखाडीत बसलीस, कुणाला दिसणार नाही अशी.

काल मी पुन्हा ग्रंथालयात गेले. जिन्यातच तंत्रज्ञाला गाठलं. 'कापलंत?'

तो म्हणाला, 'नाही कापलं. उद्या करू, उद्या करू म्हणत ठेवून दिलं. मॅडम, चुकून राहिलेलं माणूस इतकं नीट चहा फुंकत नाही.'

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. मग त्याला सगळं सांगितलं. तो जराही चकित झाला नाही. त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि विचारलं, 'नाव काय लिहू?' मी तुझं नाव सांगितलं. ते मोठ्यानं उच्चारून किती दिवस झाले, ताई. मी तर कायम ताईच म्हणते.

त्यांचा एक फॉर्म असतो. ज्यानं काम केलं त्याची सही लागते, नाहीतर भिंतीवर लावता येत नाही. तो सोबत पाठवते आहे. पहिली ओळ चित्रं आणि कल्पना, तिथे तुझं नाव आहे, सही बाकी. दुसऱ्या ओळीत माझं नाव, पुढे काम काय या रकान्यात मी 'बटणं' लिहिलंय. आधी 'संकल्पना साहाय्य' लिहिलं होतं, खोडलं. खाडाखोड दिसेल तुला, जाणूनबुजून तसाच पाठवते आहे. तू सही केली नाहीस तर 'तळं' लागणार नाही, असं मी त्यांना सांगून टाकलं आहे. आणि माझ्या साइटवर आता तुझं नाव वर आहे. दातांच्या डॉक्टरांनाही लिहिलं, की इथे मी एकटीच असते, टीम वगैरे कोणी नाही, आणि ते तळं बहिणीचं. मला वाटलं, गेलं काम. त्यांचं उत्तर आलं, 'ठीक आहे. दात कधी दिसतील?'

आता एकच विचारायचं आहे. काल तंत्रज्ञानं मला एकटीला दालनात बसू दिलं. मी फ्रेम मोजत बसले, जुनी खोड. तू तीन वेळा मान वर करून तळ्याकडे बघतेस. चौथ्यांदा बघत नाहीस तळ्याकडे. त्या रिकाम्या स्टुलाकडे बघतेस, त्यावरचा कप जरासा कडेकडे सरकवतेस, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. तो कप तू रागानं काढलास की माझ्यासाठी? रागानं काढला असतास तर वाफ काढली नसतीस ना गं? वाफेला किती कागद लागतात ते मला माहीत आहे. माझ्यावर इतकी चिडलेली असताना, निघायच्या दिवशी, तू माझ्या चहाला वाफ काढत बसली होतीस.

माफ कर म्हणणं फार थोडं आहे, तरी म्हणते. माफ कर, ताई.

फॉर्मवर सही करावीशी वाटली तर कर, नाहीतर फाडून टाक. मी शनिवारी दुपारच्या गाडीनं येते आहे. सही मागायला येत नाही. तुझ्या शेजारी बसायला येते आहे, एकवीस वर्षं उशिरा. चहा गार झाला असला तरी चालेल.

तुझीच,
बटणं बसवणारी भिंगरी